जॉन वेस्ली पॉवेल : नदी, भाषा आणि राजकोश

ज्ञानाच्या कामाला राज्याने पैसा द्यावा काय, आणि दिल्यास त्या ज्ञानाने राज्यकर्त्यांना नकोशा गोष्टी सांगाव्यात काय, हे दोन प्रश्न आधुनिक लोकशाहीत पुनःपुन्हा उभे राहिले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते एकाच व्यक्तीच्या आयुष्यात एकवटले. ती व्यक्ती म्हणजे मेजर जॉन वेस्ली पॉवेल. कोलोरॅडो नदीच्या महानिदरीतून नावेने पार झालेला एका हाताचा साहसवीर म्हणून लोकप्रिय इतिहासात त्यांचे नाव आहे. भाषाभ्यासक त्यांना उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांचे वर्गीकरण सिद्ध करून घेणारे संघटक म्हणून ओळखतात. या दोन ओळखींच्या मध्ये त्यांच्या आयुष्याचा एक कमी परिचित भाग आहे. तेरा वर्षे ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक होते, आणि ३० ऑगस्ट १८९० रोजी संमत झालेल्या एका विनियोजन कायद्याने त्यांच्या सर्वांत महत्त्वाकांक्षी कार्याचा शेवट झाला. त्यांचे चरित्र या शेवटाच्या संदर्भात वाचले असता त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

पॉवेल यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॉरिस येथे झाला. वडील जोसेफ पॉवेल हे इंग्लंडहून आलेले मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. मुलाचे नाव त्यांनी पंथसंस्थापकाच्या नावावरूनच ठेवले व त्याने आपल्याप्रमाणे उपदेशक व्हावे अशी त्यांची अपेक्षा होती. कुटुंब ओहायोतील जॅक्सन या गावी राहत असता वडिलांच्या मतांचे प्रायश्चित्त मुलाला शाळेत भोगावे लागले. इतर मुले त्याला दगड मारीत. अखेर त्याला शाळेतून काढून जॉर्ज क्रूकहॅम या शेतकऱ्याच्या हाती सोपविण्यात आले. क्रूकहॅम हे स्वतःच्या बळावर शिकलेले निसर्गाभ्यासक होते. वनस्पती, दगड, प्राणी यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून शिकण्याची सवय पॉवेल यांना लागली ती येथेच. पुढे विस्कॉन्सिनमध्ये वडील उपदेशासाठी गावोगाव फिरत असताना बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा शेत सांभाळीत असे. इलिनॉय कॉलेज, व्हीटन व ओबर्लिन अशा तीन ठिकाणी त्यांनी शिक्षण घेतले. पदवी मात्र एकाही ठिकाणी घेतली नाही. मिसिसिपी आणि ओहायो या नद्यांतून त्यांनी एकट्याने नाव वल्हवीत लांबचे प्रवास केले व शंखशिंपले जमविले. विद्यापीठापेक्षा नदीच त्यांची गुरू ठरली असे म्हणावयास हरकत नाही.

इ. स. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच ते उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह एमा डीन हिच्याशी झाला. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या लढाईत बंदुकीची गोळी लागून त्यांचा उजवा हात कोपराच्या खाली कापावा लागला. जखम बरी होताच ते रणांगणावर परतले आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. तुटलेल्या हाताच्या मज्जातंतूंच्या वेदनेने मात्र त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरविला.

युद्धानंतर ते ब्लूमिंग्टन येथील इलिनॉय वेस्लियन विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. वर्गातील अध्यापनापेक्षा क्षेत्रकार्याकडे त्यांचा ओढा होता. इ. स. १८६७ व १८६८ मध्ये त्यांनी रॉकी पर्वतात मोहिमा काढल्या. दुसऱ्या मोहिमेनंतरचा हिवाळा त्यांनी व्हाइट नदीच्या काठी काढला. शेजारीच यूट लोकांचा तळ होता. पॉवेल त्यांच्यात बसू लागले, शब्द टिपू लागले, कथा ऐकू लागले. त्यांच्या भाषाविषयक कार्याचा उगम या हिवाळ्यात आहे.

त्या काळी कोलोरॅडो नदीच्या मधल्या प्रवाहाभोवतीचा विस्तीर्ण प्रदेश नकाशावर कोराच होता. २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर स्टेशन येथून दहा माणसे चार नावांतून निघाली. राज्याचा या मोहिमेतील वाटा लक्षात घेण्याजोगा आहे. काँग्रेसने फक्त लष्करी ठाण्यांवरून शिधा घेण्याची परवानगी दिली होती. बाकीचा खर्च इलिनॉयमधील संस्था आणि पॉवेल यांचा स्वतःचा खिसा यांतून झाला. थोड्याच दिवसांत एक नाव द्रुतवाहात सापडून फुटली. तिच्या अवशेषांतून वायुभारमापके हाती लागली तेव्हा पॉवेल यांना परमानंद झाला. उंचीच्या मोजमापाचा सारा आधार त्यांवर होता. सोबत्यांचा आनंद त्याच अवशेषांत सापडलेल्या व्हिस्कीच्या पिंपामुळे होता. एकदा कड्यावर चढत असता एका हाताने खडक धरून पॉवेल अधांतरी अडकले. वर चढलेला सहकारी ब्रॅडली याने स्वतःची विजार काढून खाली सोडली, तिला धरून ते वाचले. अन्न कुजत व संपत चालले आणि नदीचा अंत दिसेना. २८ ऑगस्ट रोजी, एका भयंकर द्रुतवाहाच्या तोंडाशी, तिघांनी पुढे येण्यास नकार दिला व ते कड्यावरून बाहेर पडले. ते पुन्हा परतले नाहीत, त्यांची हत्या झाली. शिव्हविट लोकांनी गैरसमजुतीने त्यांना मारले असे पॉवेल यांना दुसऱ्या वर्षी त्या लोकांकडून कळले, तथापि या मृत्यूंविषयीचा वाद पुढेही चालू राहिला. उरलेले सहाजण दोन दिवसांत, ३० ऑगस्ट रोजी, व्हर्जिन नदीच्या संगमापाशी सुखरूप पोहोचले. सुमारे १,६०० किलोमीटरांचा हा प्रवास होता.

या प्रवासाने पॉवेल राष्ट्रीय वीर झाले आणि इ. स. १८७० मध्ये काँग्रेसने त्यांना १०,००० डॉलर मंजूर केले. राजकोशाशी त्यांचा खरा संबंध येथून सुरू होतो. १८७१-७२ मध्ये त्यांनी दुसरी मोहीम काढली आणि १८७५ मध्ये प्रवासाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. साहित्याच्या अभ्यासकाला हा ग्रंथ दोन कारणांनी महत्त्वाचा वाटेल. दैनंदिनीचा घाट आणि चालू वर्तमानकाळ यांमुळे शासकीय अहवाल असूनही तो प्रवासवाङ्मयाच्या पंक्तीत बसला. त्याचबरोबर, दुसऱ्या मोहिमेतील कित्येक निरीक्षणे पहिल्या मोहिमेच्या कथनात मिसळून देण्यात आली आणि दुसऱ्या मोहिमेतील साथीदारांची नावे ग्रंथात आलीच नाहीत. कथनाची एकसंधता साधण्यासाठी केलेली ही तडजोड त्या साथीदारांपैकी काहींना आयुष्यभर सलत राहिली. स्वतःच्या कार्याला बळ देणारे कथन कसे रचावे, याची पॉवेल यांना पक्की जाण होती. पुढे समित्यांसमोर हीच जाण त्यांच्या कामी आली व काही प्रमाणात त्यांच्या अंगलटही आली.

पॉवेल यांच्या सर्वेक्षणात ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट आणि क्लॅरेन्स डटन हे दोन समर्थ भूवैज्ञानिक तयार झाले. महानिदरीतील उत्तुंग शिखरांना डटन यांनी विष्णुमंदिर, शिवमंदिर अशी नावे दिली. ती आजही नकाशावर आहेत आणि भारतीय वाचकाला कुतूहलाची वाटतील अशीच आहेत. पॉवेल यांचे स्वतःचे लक्ष मात्र शिखरांवरून हळूहळू पाण्याकडे वळले. इ. स. १८७८ मध्ये त्यांनी कोरड्या प्रदेशातील जमिनींविषयीचा अहवाल सादर केला. एखादा शासकीय अहवाल राजकीय स्वप्नाला किती थेट छेद देऊ शकतो, याचे हा अहवाल म्हणजे उत्तम उदाहरण होय.

त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे होते. शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताच्या पलीकडे बहुतांशी वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो. तेवढ्यावर खात्रीची शेती होत नाही. म्हणून पूर्वेकडील ओलसर प्रदेशासाठी ठरविलेले १६० एकरांचे वसाहतक्षेत्र पश्चिमेकडे निरर्थक ठरते. सिंचनाखालील शेताला ८० एकर पुरेसे आहेत, उलट गुरचराईच्या शेताला २,५६० एकर हवेत. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा होता कामा नये, अन्यथा ज्याच्या हाती पाणी तोच जमिनीचा खरा मालक होईल. चौकोनी मोजणीऐवजी पाण्याच्या सोयीने हद्दी आखाव्यात, आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सिंचनाचे व चराईचे गट स्थापावेत. यूटातील मॉर्मन वसाहती आणि न्यू मेक्सिकोतील स्पॅनिशभाषी गावांचे सामाईक पाट त्यांनी पाहिले होते, त्यामुळे ही योजना निव्वळ कल्पनेतून निघालेली नव्हती. परंतु नांगर चालला की पाठोपाठ पाऊस येतो असे सांगणारे प्रचारक, रेल्वे कंपन्या आणि जमिनींचे सट्टेबाज यांच्या काळात हा अहवाल अरण्यरुदन ठरला.

त्या सुमारास पश्चिमेत चार वेगवेगळी सर्वेक्षणे परस्परांशी स्पर्धा करीत होती. ती एकत्र करून ३ मार्च १८७९ रोजी भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी स्वतंत्र, साधकबाधक चर्चा झालेला कायदा झाला नाही. किरकोळ नागरी खर्चाच्या विनियोजन विधेयकात एक कलम घालून ती जन्माला आली. क्लॅरेन्स किंग हे तिचे पहिले संचालक झाले. त्याच विधेयकान्वये मूळ रहिवाशांविषयीच्या संशोधनासाठी २०,००० डॉलरांची तरतूद झाली. तीतून स्मिथसोनियन संस्थेच्या छत्राखाली मानवजातिविज्ञान विभाग उभा राहिला व त्याचे प्रमुखपद पॉवेल यांच्याकडे आले. इ. स. १८८१ मध्ये किंग यांनी राजीनामा दिला आणि पॉवेल दोन्ही संस्थांचे प्रमुख झाले.

मानवजातिविज्ञान विभागातील कार्य भाषा-साहित्याच्या अभ्यासकांना विशेष जवळचे वाटेल. आरक्षित क्षेत्रांत कोंडलेल्या जमातींच्या भाषा, विधी व कथा झपाट्याने नाहीशा होत आहेत आणि त्या वेळीच नोंदविल्या नाहीत तर कायमच्या हरपतील, ही निकड पॉवेल यांना जाणवली होती. त्यांनी शब्दसंग्रहाची व व्याकरणाची प्रश्नपुस्तिका सिद्ध करून ती लष्करी अधिकारी, धर्मोपदेशक, शिक्षक यांच्या हाती दिली. फ्रँक कुशिंग झून्यी लोकांत जाऊन राहिले, जेम्स मूनी चेरोकी लोकांत, तर जेम्स ओवेन डॉर्सी यांनी ओमाहा व त्यांच्याशी संबंधित भाषांतील संहिता जमविल्या. या सर्व श्रमांचे एक फळ म्हणजे इ. स. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले मेक्सिकोच्या उत्तरेकडील भाषांचे वर्गीकरण. त्यात ५८ भाषाकुले मानली होती व सोबत रंगीत नकाशा होता. त्यातील बराचसा प्रत्यक्ष भार हेन्री हेनशॉ आणि मूनी यांनी उचलला होता. कुलांच्या नावांबाबत, जे नाव प्रथम प्रसिद्ध झाले तेच ग्राह्य, हा जीवविज्ञानातील नियम येथे वापरण्यात आला. तुलनेचा आधार मुख्यतः शब्दसंपदा हा होता. व्याकरणाला त्यात गौण स्थान मिळाले. एडवर्ड सपीर यांनी १९२९ मध्ये या कुलांची सहा महाकुलांत मांडणी केली आणि ती पुढे वादग्रस्त ठरली. पॉवेल यांची सावध मांडणी मात्र दीर्घकाळ आधारभूत राहिली.

भारतात जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचे काम इ. स. १८९४ मध्ये सुरू झाले व त्याचे खंड १९०३ ते १९२८ या काळात निघाले. दोन्ही उपक्रमांत राज्याचा पैसा आणि गावोगावचे अधिकारी भाषांच्या नोंदीकडे वळविण्यात आले, हे साम्य उघड आहे. भेद असा की ग्रियर्सन यांच्यासमोर कोट्यवधी लोकांच्या नांदत्या भाषा होत्या. पॉवेल यांच्यासमोरील अनेक भाषांचे बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पॉवेल यांच्या दृष्टीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. लुइस हेन्री मॉर्गन यांच्या प्रभावाने ते मानवसमाज रानटी, अर्धसुधारित व सुधारित अशा पायऱ्यांवर मांडीत. भाषाही याच क्रमाने उत्क्रांत होतात आणि इंग्रजी ही विकासाच्या वरच्या टोकाला आहे असे ते मानीत. मूळ रहिवाशांनी अखेर श्वेतवर्णीय समाजात विलीन व्हावे, हेही त्यांना इष्ट वाटे. ज्या भाषा त्यांनी हिरिरीने नोंदवून घेतल्या त्या जगाव्यात असे त्यांना वाटत होते, असे म्हणता येत नाही.

या विभागाच्या निधीवरही काँग्रेसची नजर होती. इ. स. १८८१ मध्ये २५,००० डॉलरांच्या तरतुदीपैकी ५,००० डॉलर पूर्वेकडील प्राचीन मृत्तिकास्तूपांच्या उत्खननावर खर्च करावेत अशी सक्ती सभागृहाने केली. हे स्तूप कोणा लुप्त, श्रेष्ठ वंशाने बांधले असावेत, ही कल्पना तेव्हा लोकप्रिय होती. पॉवेल यांची या कामाला पसंती नव्हती, तरी त्यांनी ते सायरस टॉमस यांच्याकडे सोपविले. टॉमस यांच्या १८९४ च्या अहवालाने स्तूपांचे निर्माते विद्यमान मूळ रहिवाशांचे पूर्वजच होते हे सिद्ध केले आणि लुप्त वंशाची दंतकथा शास्त्रीय चर्चेतून बाद झाली. सभागृहाने लादलेल्या कामातून सभागृहाला अनपेक्षित असे सत्य बाहेर पडले. विधिमंडळाचा प्रत्येक हस्तक्षेप ज्ञानाला मारकच ठरतो असे नाही, हे या उदाहरणावरून मान्य करावे लागते.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणात पॉवेल यांनी हाती घेतलेले मोठे काम म्हणजे साऱ्या देशाचा स्थलाकृतिक नकाशा. सर्वेक्षणाचे कार्यक्षेत्र मुळात पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनींपुरते समजले जात होते. इ. स. १८८२ च्या विनियोजन कायद्यात संयुक्त संस्थानांचा भूवैज्ञानिक नकाशा तयार करण्याचे काम चालू ठेवावे, अशा अर्थाचे शब्द आले. एवढ्या शब्दांच्या आधारावर पॉवेल यांनी कार्यक्षेत्र देशभर नेले. भूवैज्ञानिक नकाशाला आधी स्थलाकृतिक नकाशा हवा, ही त्यांची भूमिका शास्त्रदृष्ट्या बिनतोड होती. पण एका शब्दप्रयोगावर उभारलेली इमारत दुसऱ्या शब्दप्रयोगाने पाडता येते, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

पहिला मोठा आक्षेप १८८४ ते १८८६ या काळातील ॲलिसन आयोगासमोर आला. शासकीय वैज्ञानिक संस्थांची पुनर्रचना करावी काय, हे पाहण्यासाठी दोन्ही सभागृहांनी मिळून हा आयोग नेमला होता. अलाबामाचे प्रतिनिधी हिलरी हर्बर्ट आणि प्राणिवैज्ञानिक ॲलेक्झांडर अगासीझ यांचे म्हणणे असे की, जे संशोधन खाजगी व्यक्ती व विद्यापीठे करू शकतात त्यात राज्याने पडू नये. पॉवेल यांनी दीर्घ साक्षींतून उलट बाजू मांडली. खाजगी मालमत्ता एकाकडे गेली की दुसऱ्याकडे राहत नाही. ज्ञान मात्र एकाने मिळविले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही, उलट त्यातून नवे ज्ञान संभवते, आणि म्हणूनच ते सार्वजनिक खर्चाने मिळवून सर्वांना उपलब्ध व्हावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. सर्वेक्षणाचे संशोधन व प्रकाशने यांवर मर्यादा घालण्याचा हर्बर्ट यांचा प्रयत्न त्या वेळी फसला.

विरोधाभास असा की पॉवेल यांच्या पराभवाची बीजे त्यांच्या सर्वांत मोठ्या विजयात होती. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्याने पश्चिमेतील गुरांचे कळप नष्ट केले व पाठोपाठ अवर्षण पडले. आता पश्चिमेकडील सिनेटरच सिंचनासाठी आग्रह धरू लागले. २ ऑक्टोबर १८८८ च्या कायद्याने सिंचन-सर्वेक्षणासाठी १,००,००० डॉलर मंजूर झाले व पुढील वर्षी आणखी २,५०,००० डॉलर मिळाले. सट्टेबाजांनी सर्वेक्षकांच्या पाठोपाठ जाऊन जलाशयांच्या जागा बळकावू नयेत म्हणून त्या कायद्यात एक तरतूद जोडण्यात आली होती. जलाशय, कालवे व त्यांखाली भिजू शकणाऱ्या जमिनी यांसाठी निश्चित होणारे क्षेत्र वसाहतीतून राखून ठेवावे, अशी ती तरतूद होती.

पॉवेल उत्साहाने कामाला लागले. आधी नकाशा, मग पर्जन्यमान व प्रवाहाची मोजणी, मग जलाशयांच्या जागा, शेवटी कालव्यांची आखणी, असा त्यांचा क्रम होता. न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदे नदीच्या काठी एंबुडो येथे त्यांनी प्रवाहमापनाचे शिक्षण देणारा तळ उघडला. फ्रेडरिक न्यूएल यांच्या हाताखाली तरुण अभियंते तेथे वाहते पाणी मोजावयास शिकले. इतर देशांतील अनुभवाकडेही सर्वेक्षणाचे लक्ष होते. त्यातील अभियंता हर्बर्ट विल्सन यांनी भारतातील सिंचनाचा अभ्यास केला व त्यांचा विस्तृत अहवाल सर्वेक्षणाच्या बाराव्या वार्षिक अहवालात समाविष्ट झाला. ब्रिटिश अमदानीतील कालव्यांचा अनुभव अशा रीतीने अमेरिकेच्या वाळवंटापर्यंत पोहोचला.

परंतु कायद्याचा अर्थ लावला गेला तेव्हा गहजब उडाला. कोणती जमीन भिजू शकेल हे सर्वेक्षण पुरे झाल्याखेरीज कळणार नव्हते. साहजिकच, ते पुरे होईपर्यंत कोरड्या प्रदेशातील कोणत्याही जमिनीवरचा दावा पक्का मानता येईना. इ. स. १८८९ मध्ये भूमी कार्यालयाने २ ऑक्टोबर १८८८ नंतरचे दावे रद्द करण्याचे आदेश काढले, आणि १८९० मध्ये शासनाच्या विधी अधिकाऱ्यांनी हाच अर्थ उचलून धरला. कोट्यवधी एकर जमीन एका कलमाने बंद झाली आणि तिची किल्ली एका वैज्ञानिकाच्या हाती आली. पॉवेल यांना सहा-सात वर्षे हवी होती. जमिनीसाठी ताटकळलेल्या वसाहतकाराला आणि त्याच्या मतांवर निवडून येणाऱ्या सिनेटरला सहा महिनेही जड वाटत होते.

नेवाडाचे सिनेटर विल्यम स्ट्यूअर्ट हे सिंचन-सर्वेक्षणाचे आरंभीचे पुरस्कर्ते. १८८९ च्या उन्हाळ्यात ते पॉवेल यांच्यासह पश्चिमेच्या दौऱ्यावरही होते. आता तेच त्यांचे कडवे शत्रू झाले. त्याच उन्हाळ्यात नॉर्थ डकोटा व मोंटॅना येथील घटनासमित्यांसमोर जाऊन पॉवेल यांनी पाण्यावर सार्वजनिक हक्क ठेवण्याचा आणि जिल्ह्यांच्या हद्दी पाणलोटाप्रमाणे आखण्याचा सल्ला दिला. तो आदराने ऐकला गेला आणि तितक्याच आदराने बाजूला ठेवण्यात आला. जानेवारी १८९० मध्ये दुसरेच वादळ उठले. पुराजीववैज्ञानिक एडवर्ड कोप यांनी आपले प्रतिस्पर्धी ओथनील मार्श आणि मार्श यांचे पाठीराखे पॉवेल यांच्यावर न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातून आरोपांची सरबत्ती केली. आरोप टिकले नाहीत, पण सर्वेक्षणाच्या नावाला धक्का बसलाच.

समितीसमोरील चौकशीत सर्वांत बोचरा प्रसंग घरातूनच आला. सिंचनाच्या पैशातून स्थलाकृतिक नकाशे करणे कायद्याला धरून आहे काय याची आपल्याला शंका होती, असे डटन यांनी साक्षीत सांगितले. नकाशाविना सिंचनयोजना म्हणजे अंधारात चाचपडणे, हे पॉवेल यांचे उत्तर तज्ज्ञाला पटणारे होते. पण ज्याला तलाव हवा होता त्याच्या हाती नकाशा येत होता, ही तक्रारही खोटी नव्हती. पॉवेल यांनी त्या वर्षासाठी सात लाख डॉलरांहून अधिक रक्कम मागितली होती. ३० ऑगस्ट १८९० च्या कायद्याने सिंचन-सर्वेक्षणाचा खर्चच खोडून टाकला. शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेकडील स्थलाकृतिक नकाशांसाठी १,६२,५०० डॉलर तेवढे उरले. जमिनी राखून ठेवणारे कलम रद्द झाले, फक्त निश्चित झालेल्या जलाशयांच्या जागा राखीव राहिल्या. पॉवेल यांचा मूळ सिद्धांत कोणी खोडून काढला नाही, त्याची गरजही पडली नाही. त्यांच्या कामाचा पैसा काढून घेतला एवढ्याने भागले.

एकदा मार्ग सापडल्यावर त्याचा पुन्हा उपयोग झाला. इ. स. १८९२ मध्ये आर्थिक काटकसरीच्या वातावरणात हर्बर्ट व इतरांनी सर्वेक्षणाच्या मूळ तरतुदीवरच कुऱ्हाड चालविली. दात असलेल्या नामशेष पक्ष्यांवरील मार्श यांचा ग्रंथ हा सभागृहात थट्टेचा विषय झाला. करदात्याच्या पैशाने असल्या पक्ष्यांचा अभ्यास कशाला, या प्रश्नाला सभागृहात टाळी मिळणे सोपे होते. हेच पक्षी सरीसृप व पक्षी यांच्यातील नात्याचा, म्हणजेच उत्क्रांतिवादाचा, भक्कम पुरावा आहेत, हे समजावून सांगणे तितके सोपे नव्हते. पुराजीवविज्ञानाच्या निधीवर सर्वांत मोठा घाव बसला. मार्श यांना तारेने राजीनामा मागावा लागला व इतर अनेक शास्त्रज्ञांना जावे लागले. वर्षानुवर्षे पारखून जमविलेला ज्ञानवंतांचा मेळा एका अधिवेशनात विस्कटला.

ऑक्टोबर १८९३ मध्ये लॉस एंजलिस येथे सिंचन-परिषद भरली. प्रतिनिधी पश्चिमेच्या अमर्याद भवितव्याच्या घोषणा करीत होते. पॉवेल यांनी तयार भाषण बाजूला ठेवले आणि पश्चिमेतील सारे पाणी वापरले तरी ते जमिनीच्या अल्प भागालाच पुरेल, अतिरेकी वसाहतीतून पाण्याच्या हक्कांचे तंटेच तेवढे वारशाने मिळतील, असे स्पष्ट बजावले. सभागृहाने त्यांची हुर्यो उडविली. पुढील वर्षी, हाताच्या शस्त्रक्रियेचे कारण देऊन, त्यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी चार्ल्स वॉलकॉट आले. त्यांनी काँग्रेसशी गोडीगुलाबीने वागून सर्वेक्षणाची घडी पुन्हा बसविली.

पॉवेल यांनी मानवजातिविज्ञान विभाग अखेरपर्यंत सोडला नाही. शेवटची वर्षे त्यांनी मानवी ज्ञानाच्या स्वरूपाविषयीच्या तात्त्विक लेखनात घालविली. ते लेखन दुर्बोध ठरले व फारसे वाचले गेले नाही. २३ सप्टेंबर १९०२ रोजी मेन राज्यातील हेवन येथे त्यांचे निधन झाले. त्यांना आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत पुरण्यात आले. त्याआधी तीनच महिने, १७ जून रोजी, संघराज्याने स्वतः सिंचनयोजना उभारण्याचा कायदा संमत झाला होता. त्या कामाचे प्रमुख म्हणून नेमले गेले ते एंबुडोच्या तळावर पाणी मोजणारे न्यूएल. ज्या सर्वेक्षणाचा खर्च १८९० मध्ये व्यर्थ ठरविण्यात आला, त्याच सर्वेक्षणाच्या नोंदी व माणसे बारा वर्षांनी राष्ट्राला उपयोगी पडली. दरम्यान हजारो कुटुंबांनी कोरड्या जमिनीवर नशीब आजमावले होते आणि त्यांपैकी पुष्कळांचे नांगर गंजले होते. १९३० नंतरच्या दशकातील धुळीच्या वादळांनी उरलेला धडा शिकविला. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणामागे १९६३ पासून साठू लागलेल्या विशाल जलाशयाला पॉवेल यांचे नाव मिळाले. ज्या निदरीच्या सौंदर्याने ते भारावले होते, तीच या पाण्याखाली गेली, आणि एकविसाव्या शतकात त्याच जलाशयाची पातळी खालावली तेव्हा नदीतील पाण्याहून वाटलेले हक्क अधिक आहेत, हे साऱ्यांना दिसून आले.

पॉवेल यांना केवळ द्रष्टा व त्यांच्या विरोधकांना केवळ खलपुरुष ठरविणे सोयीचे असले तरी न्याय्य नव्हे. निवडून न आलेल्या एका अधिकाऱ्याच्या हाती अर्ध्या खंडाच्या वसाहतीची किल्ली असावी काय, हा सिनेटरांचा प्रश्न लोकशाहीतील खराच प्रश्न होता. विनियोजन विधेयकातील कलमांचा आधार घेऊन कार्य विस्तारण्याचा मार्ग पॉवेल यांनी स्वतःच चोखाळला होता, त्याच मार्गाने ते कार्य आवरले गेले. परंतु प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याची चर्चा केली नाही. पाऊस किती पडतो याविषयीचे मतभेद त्यांनी खर्चाच्या रकान्यात सोडविले. तरतूद काढून घेतल्याने मोजणी थांबली. पावसाचे प्रमाण मात्र वीस इंचांच्या वर गेले नाही. भाषांच्या बाबतीत हानीचे स्वरूप याहून कठोर असते. नदी बारा वर्षांनी मोजली तरी ती वाहत असते. न नोंदविलेल्या भाषेचा शेवटचा बोलणारा तोवर थांबत नाही. पॉवेल यांनी भाषाविभाग मृत्यूपर्यंत हातचा जाऊ दिला नाही, याचे मर्म कदाचित या निकडीत असावे.